पायांची साक्ष

१४ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी लखनौबाहेर रायबरेली रस्त्यावर एका संस्थेची कोनशिला बसवली. १९८३ साली उत्तर प्रदेश सरकारने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था कागदावरून जमिनीवर यायला लागली. साडेपाचशे एकरांचा परिसर. लोक तिला नुसतं ‘पीजीआय’ म्हणतात. गोरखपूर, बलिया, आझमगड, बस्ती, शेजारचा बिहार, सीमेपलीकडचा नेपाळ इथून माणसं चारबाग स्थानकावर उतरतात, तेलीबागेकडे एखादी खोली भाड्याने घेतात आणि पीजीआयच्या फेऱ्या सुरू करतात.

मूत्रपिंडाचा रोगी डॉक्टरांसमोर बसला की आधी सूज, उलट्या, धाप आणि क्रिएटिनिनचा आकडा सांगतो. पायांची गोष्ट निघते ती बहुतेक वेळा उठता उठता. पैरों में झुनझुनी रहती है. तलवों में जलन है. चप्पल पायातून कधी निसटली ते कळलंच नाही. मराठी घरात हेच मुंग्या, तळव्यांची आग आणि पिंडऱ्यांतले गोळे या शब्दांत येतं. रात्री पाय एका जागी ठरत नाहीत, कोणीतरी दाबत बसावं लागतं, आणि घरातले लोक म्हणतात की अशक्तपणा आहे, जाईल.

सगळ्यात शेवटी सांगितली जाणारी ही तक्रार डायलिसिसच्या पहिल्या दशकात सगळ्यात पुढे होती. आठवड्यातून किती वेळा आणि किती तास रक्त शुद्ध करायचं, हे ठरवण्यात रोग्यांच्या पायांचा मोठा वाटा होता. ते तंत्र लखनौपर्यंत पोहोचलं तेव्हा यंत्रं आली, नळ्या आल्या, औषधं आली. पायांकडून घेतलेला धडा मात्र वाटेत बराचसा गळून गेला. म्हणून ही हकिगत पुन्हा सांगण्यासारखी आहे.

लखनौत मोठं वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून होतं. २६ डिसेंबर १९०५ ला तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचे सम्राट पंचम जॉर्ज, यांच्या हस्ते पायाभरणी झालेलं किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज १९११ पासून डॉक्टर घडवत होतं. तिथले वैद्य मूत्रपिंड निकामी झालेला माणूस ओळखत: फिकट चेहरा, श्वासाला लघवीसारखा वास, उचकी, ग्लानी. रक्तातलं युरिया मोजलं जाई. त्यापुढे करण्यासारखं फारसं काही नव्हतं. मीठ कमी करा, डाळ कमी करा, आणि घरी न्या. लखनौत हे होतं, तसंच मुंबईत आणि लंडनमध्येही होतं.

मधल्या काळात भारतात काय बदललं, हे मराठी वाचकाला एका माणसाच्या आजारपणावरून चटकन कळेल. जयप्रकाश नारायण यांचं गाव सिताबदियारा. गंगा आणि घाघरा यांच्या संगमाजवळ, बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या सीमेवर, बलियाला लागून. आणीबाणीत २६ जून १९७५ ला त्यांना अटक झाली आणि चंदिगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध ठेवलं गेलं. तिथे त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईला, पेडर रोडवरच्या जसलोक रुग्णालयात आणलं. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं. घरी वापरता येईल अशा यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधान निधीतून आलेली रक्कम जेपींनी नाकारली. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत, जवळजवळ चार वर्षं, ते डायलिसिसवर जगले. जनता पक्षाची उभारणी, १९७७ ची निवडणूक, राजघाटावरची शपथ हे सगळं घडलं ते एका डायलिसिसपासून दुसऱ्या डायलिसिसपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत.

गंगेकाठच्या या देशपातळीवरच्या नेत्यालाही डायलिसिससाठी मुंबईला यावं लागलं. मग त्याच सिताबदियाऱ्यातल्या शेतकऱ्याला ही सोय कुठून मिळणार? रायबरेली रस्त्यावरच्या संस्थेने काही वर्षांनी कोणाची गरज भागवायला सुरुवात केली, ते यावरून कळतं.

आता पायांकडे वळू. मूत्रपिंडाच्या रोग्याचे मज्जातंतू बिघडतात, ही गोष्ट जुन्या डॉक्टरांनी फारशी पाहिलेलीच नव्हती, कारण ती दिसायला लागेपर्यंत रोगी जगत नसे. पॅरिसच्या शार्कोला १८८० मध्ये आणि ऑस्लरला १८९२ मध्ये अशी शंका आली होती, पण शंकेपलीकडे गोष्ट गेली नाही. निरोगी माणसाची मूत्रपिंडं मिनिटाला १०० ते १२० मिलिलिटर रक्तद्रव गाळतात. हा आकडा साधारण १२ च्या खाली उतरला की मज्जातंतूंची इजा दिसू लागते. आणि १२ च्या खाली उतरलेला माणूस पूर्वी काही आठवडे, फार तर काही महिने काढत असे. या आजाराला जगात जागा मिळाली ती माणसं जगू लागल्यावर.

विलेम कोल्फने दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, १९४३ साली फिरत्या पिंपाचं कृत्रिम मूत्रपिंड बनवलं होतं. त्याचा उपयोग तात्पुरत्या बिघाडाला होई. दर वेळी नवी शीर उघडावी लागे आणि काही वेळांनंतर उघडायला शीरच उरत नसे. यावर तोड निघाली सिॲटलमध्ये. बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांच्या कल्पनेवरून वेन क्विंटन या अभियंत्याने टेफ्लॉनची एक वाकडी नळी बनवली. तिचं एक टोक हाताच्या धमनीत, दुसरं शिरेत. डायलिसिस नसेल तेव्हा रक्त नळीतूनच फिरत राहायचं. ९ मार्च १९६० ला ती क्लाइड शील्ड्स या बोइंग कारखान्यातल्या ३९ वर्षांच्या यंत्रकामगाराच्या हातात बसवली. शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगले. जुनाट मूत्रपिंडविकाराने मरायलाच हवं, हा नियम त्या दिवशी मोडला.

आणि मग पाय बोलू लागले. सुरुवातीला दोन डायलिसिसमध्ये बरेच दिवस जात. रोग्याची मळमळ थांबे, शुद्ध येई, सूज उतरे, युरियाचा आकडा खाली येई. सगळं चांगलं चाललंय असं वाटत असतानाच तळव्यांची आग सुरू होई, मग बधिरपणा, मग पाऊल उचलेना. सिॲटलच्या सुरुवातीच्या रोग्यांमध्येच हे दिसलं आणि १९६१ पासूनच्या त्यांच्या अहवालांत त्याची नोंद आहे. १९६३ मध्ये बॉस्टनच्या ॲस्बरी, व्हिक्टर आणि ॲडम्स यांनी अशा रोग्यांच्या नसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून वर्णन प्रसिद्ध केलं आणि ‘युरिमिक पॉलिन्यूरोपॅथी’ हे नाव रुळलं. मज्जातंतूचा गाभा, म्हणजे ॲक्सॉन, टोकाकडून झिजत येतो असं त्यांना दिसलं. शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून कालव्याच्या टेलवरच्या शेताला आधी पाणी तुटावं तसा पहिला फटका बोटांना बसतो. मग दोन्ही पायांत मोज्याच्या आकाराचा बधिरपणा चढत जातो, आणि बऱ्याच पुढे हातांची पाळी येते. सुरुवातीची खूण अगदी साधी असते. कंप पावणारा स्वरकाटा पायाच्या अंगठ्यावर ठेवला तर रोग्याला थरथर जाणवत नाही, आणि घोट्यामागे हातोडीने टकटक केल्यावर पाऊल उडत नाही.

सिॲटलमध्ये हेन्री टेंकहॉफ नावाचे डॉक्टर होते. पोटातून डायलिसिस करणाऱ्या रोग्यांना आज जी नळी बसवतात तिला त्यांचंच नाव आहे, आणि लखनौच्या वॉर्डातही ‘टेंकहॉफ’ म्हटलं की परिचारिका नळीच समजतात. नळीआधी टेंकहॉफ पायांचे अभ्यासक होते, हे आज क्वचितच कोणाला आठवतं. १९६५ आणि १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं की डायलिसिस अपुरं पडलं तर मज्जातंतूंचा ऱ्हास चालू राहतो आणि रोगी पांगळा होऊ शकतो. डायलिसिस वाढवलं तर तो थांबतो, आणि वेळेवर वाढवलं तर काही प्रमाणात सुधारतोही. सिॲटलकरांनी वेळापत्रक बदललं. आठवड्यातून एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं तीनदा. आज जगभर जे ‘आठवड्यातून तीन वेळा’ प्रमाण मानलं जातं, त्यामागे असे बधिर पाय उभे आहेत.

याच काळात तिथे दुसरं कोडं समोर आलं. पोटातून डायलिसिस करणाऱ्या रोग्यांच्या रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन जास्त राही, तरी त्यांचे पाय मात्र यंत्रावरच्या रोग्यांपेक्षा चांगले असत. म्हणजे नसांना मारणारं विष युरिया नसावं. स्क्रिब्नर आणि ॲल्बर्ट बॅब यांनी तर्क केला की ते मध्यम आकाराचे रेणू असावेत: युरियाच्या ६० आणि क्रिएटिनिनच्या ११३ या रेणुभारापेक्षा खूप मोठे, प्रथिनांपेक्षा लहान. यंत्रातल्या सेलोफेनच्या पडद्यातून ते सावकाश सरकतात, पोटाच्या पडद्यातून बरे सरकतात. १९७१ मध्ये त्यांनी पडद्याचं क्षेत्रफळ आणि डायलिसिसचे तास यांचा गुणाकार महत्त्वाचा आहे असं मांडलं. लहान रेणू घाईत निघतात, मोठ्यांना वेळ लागतो. तास कमी करून यंत्र जोरात चालवलं तर युरियाचा आकडा सुरेख दिसेल आणि पाय मात्र जातील. मला हा सगळ्या डायलिसिसशास्त्रातला सर्वांत प्रामाणिक विचार वाटतो, कारण त्याची सुरुवात रोग्याच्या तक्रारीपासून झाली.

कोपनहेगनला व्ही. के. नील्सन यांनी १९७१ ते १९७४ या काळात मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यांच्या मज्जातंतूंवर निबंधांची एक मालिकाच लिहिली. त्यांचं हत्यार होतं विजेचं. मज्जातंतूला एका ठिकाणी छोटा झटका द्यायचा, दुसऱ्या ठिकाणी त्याची लहर टिपायची आणि मधलं अंतर वेळेने भागायचं. पायाच्या निरोगी मज्जातंतूत लहर सेकंदाला साधारण ४० मीटरपेक्षा जास्त वेगाने धावते. रोग्याला काहीही त्रास होत नसतानाही हा वेग घटलेला सापडतो, हे या चाचणीने दाखवून दिलं. डायलिसिसवरच्या रोग्यांची अशी तपासणी केली तर निम्म्याहून कितीतरी अधिक जणांत दोष निघतो. वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण ६० ते १०० टक्के आलं आहे. १९७१ मध्येच कॅनडाच्या चार्ल्स बोल्टन यांनी मूत्रपिंडरोपणानंतर पाय सुधारतात हे रुग्णांच्या लक्षणांवरून आणि विजेच्या मोजणीवरूनही दाखवलं. सुधारणा दोन टप्प्यांत होते: काही दिवसांत थोडीशी, आणि मग तंतू पुन्हा वाढत जातील तशी महिनोन्‌महिने. फार उशीर झालेल्या पायांत मात्र ती अर्धवटच राहते.

मग पायांचं महत्त्व कमी का झालं? कारण चाचणी हळू आहे. डायलिसिस अपुरं पडलं तर मज्जातंतू ते काही महिन्यांनी सांगतात, आणि दोन मोजण्यांमधला फरक कधी कधी मोजणाऱ्याच्या हातचाच असतो. युरियाचा आकडा त्याच दिवशी मिळतो. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने युरियावर आधारित मापाला बळ दिलं, पाठोपाठ त्याचं सूत्र आलं, आणि डायलिसिस पुरेसं आहे की नाही हे प्रयोगशाळेच्या कागदावर ठरू लागलं. व्यवहार म्हणून ते समजू शकतं. पण पायांनी उपस्थित केलेला तासांचा प्रश्न यामुळे मागे ढकलला गेला, हेही खरं.

नेमक्या याच वळणावर, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, लखनौच्या पीजीआयचे विभाग कामाला लागले. डॉ. विजय खेर यांनी नेफ्रॉलॉजी उभी केली, डॉ. महेंद्र भंडारी यांनी युरॉलॉजी. दोन्हींच्या जोडीने मूत्रपिंडरोपण सुरू झालं. भंडारींना पुढे २००० साली पद्मश्री मिळाली. न्यूरॉलॉजीत डॉ. यू. के. मिश्रा आणि डॉ. जयंती कलिता यांनी मज्जातंतूंच्या विद्युत-तपासणीवर १९९९ मध्ये ‘क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी’ हे पाठ्यपुस्तक लिहिलं. पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर ते सापडतं. या विषयात लखनौने देशाला दिलेली ही ठोस गोष्ट आहे.

ही तपासणी लखनौत करायची तर हवामानाचंही भान लागतं. मज्जातंतू थंड झाला की मंदावतो. एका अंशाला सेकंदामागे साधारण दोन मीटर. जानेवारीत तिथे धुकं उतरतं, दिवस दिवस ऊन दिसत नाही, आणि रात्रभरच्या रेल्वेप्रवासानंतर आलेल्या रोग्याची पावलं गार पडलेली असतात. ती साधारण ३२ अंशांपर्यंत ऊबदार केल्याशिवाय घेतलेला आकडा मूत्रपिंडाबद्दल काहीच सांगत नाही, थंडीबद्दल सांगतो.

आपल्याकडे बधिर पाय म्हटलं की आणखी दोन आजार आड येतात. एक कुष्ठरोग. महाराष्ट्र असो की उत्तर प्रदेश, बधिर कातडीचा पहिला संशय तिकडेच जातो आणि माणूस भीतीने तक्रारच लपवतो. कुष्ठरोगात बधिरपणा ठिगळांसारखा असतो, कोपरामागचा तंतू जाडजूड लागतो. मूत्रपिंडाच्या रोग्याचा बधिरपणा दोन्ही पायांत सारखा असतो. दुसरा मधुमेह, आणि तो तर भारतात मूत्रपिंड निकामी होण्याचं एक मुख्य कारणच. अशा रोग्याच्या पायांचं नुकसान साखरेने किती केलं आणि मूत्रपिंडाने किती, हे वेगळं काढणं कठीण. म्हणून अनेक डॉक्टर सगळा दोष साखरेवर टाकून मोकळे होतात, आणि डायलिसिसचे तास वाढवून जे वाचवता आलं असतं तेही जातं. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

औषधंही पायांवर उलटतात. डायलिसिसवरच्या रोग्यांत क्षयरोग वारंवार आढळतो. त्यावरच्या आयसोनायझिडबरोबर जीवनसत्त्व ब-६ द्यावंच लागतं, नाहीतर तेच औषध नसा बिघडवतं. लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास मिळणारी नायट्रोफ्युरँटॉइनची गोळी मूत्रपिंड कमजोर असलेल्याने घेऊ नये. तिनेही पाय बधिर होतात. तळव्यांच्या आगीवर दिलं जाणारं गॅबापेंटिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं, म्हणून निरोगी माणसाची मात्रा अशा रोग्याला दिली तर ते साठत जातं आणि रोगी गुंगीत जातो, त्याला झटके येतात, तो तोल जाऊन पडतो. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळीची किंमत अशी मोजावी लागते.

बाजारात मिळणारं एक फळही इथे सांगायला हवं. पाच कंगोऱ्यांचं आंबटगोड कमरख मीठ-मसाला लावून खातात. निरोगी माणसाला थोडंफार चालतं. मूत्रपिंड निकामी झालेल्याने खाल्लं तर न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि कधी मृत्यू. ब्राझीलमधल्या रिबेराव प्रेतो इथल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून अशा रोग्यांची नोंद केली आणि २०१३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी त्यातलं मेंदूवर हल्ला करणारं द्रव्य वेगळं काढलं. डायलिसिस केंद्राच्या भिंतीवर या फळाचं चित्र लावून त्यावर फुली मारली पाहिजे.

पाण्याने केलेला घात याहून मोठा. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर पाणी रोग्याच्या रक्ताला पातळ पडद्यापलीकडून भिडतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये काही केंद्रांतले रोगी अडखळत बोलू लागले, मग त्यांना झटके आले, मग स्मृती गेली. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या ॲल्फ्री यांनी बोट दाखवलं ॲल्युमिनियमकडे. नळाचं पाणी निवळायला वापरलेल्या तुरटीतूनही ते येत होतं. पाणी उलट्या परासरणाने, म्हणजे आरओने, गाळायला लागल्यावर तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. गऊघाटावर गोमतीचं पाणी उचलून ऐशबागेत शुद्ध करणाऱ्या लखनौसारख्या शहरात डायलिसिस केंद्राचं पाणीयंत्र हे डायलिसिसच्या यंत्राइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याची तपासणी कधी झाली हे विचारण्याचा रोग्याला पूर्ण हक्क आहे.

पुन्हा पायांकडे. नसांना मारणाऱ्या विषाच्या शोधात शेवटचा मोठा टप्पा सिडनीचा. अरुण कृष्णन आणि मॅथ्यू किर्नन यांनी डायलिसिसच्या आधी, चालू असताना आणि नंतर मज्जातंतूची उत्तेजनक्षमता मोजली आणि बिघाडाचा संबंध रक्तातल्या पोटॅशियमशी लागला. दोन डायलिसिसमध्ये पोटॅशियम वाढतं, तंतूचं आवरण विजेच्या दृष्टीने सैल पडतं, डायलिसिसनंतर तात्पुरतं सावरतं. २०१७ मध्ये त्यांनी, डायलिसिसला न पोहोचलेल्या रोग्यांत, दोन वर्षं पोटॅशियम कमी असलेला आहार दिला तर नसांचा ऱ्हास मंदावतो असं दाखवलं. मध्यम रेणूंचा तर्क यामुळे बाद होत नाही, पण स्वयंपाकघराला एक काम मिळतं. नारळपाणी, केळं आणि सुका मेवा बेताने; बटाटा आणि पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. आहारतज्ज्ञ हे आधीपासून सांगत होते, हृदयाच्या भीतीने. आता पायांचं कारणही त्याला जोडलं गेलं.

रोपण हा पायांवरचा सर्वांत खात्रीचा इलाज. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली भारतातला पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ मध्ये वेल्लोरला पहिलं यश आलं. मानवी अवयव रोपण कायदा १९९४ मध्ये झाला आणि फेब्रुवारी १९९५ पासून सर्वांत आधी लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल प्रदेश. उत्तर प्रदेश नंतर आला. उत्तर भारतात मृत्यूनंतरचं अवयवदान अजून फार कमी होतं. लखनौत रोपण होतं ते बहुतेक आई, पत्नी, बहीण, भाऊ यांच्या मूत्रपिंडावर. देणारे मिळत नाहीत तोवर यंत्र आहे, आणि यंत्राचा हिशोब तासांचा आहे.

तो हिशोब सरकारने स्वतःच एकदा मांडून ठेवला आहे. २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर करताना सांगितलं गेलं की देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रोगी वाढतात आणि त्यामुळे डायलिसिसची मागणी ३.४ कोटी सत्रांनी वाढते. भागाकार करून पाहावा: एका रोग्यामागे वर्षाला १५५ च्या आसपास, म्हणजे आठवड्याला तीन. एका सत्राचा खर्च २,००० रुपये, वर्षाचा ३ लाखांहून जास्त, हेही त्याच भाषणात आहे. सिॲटलच्या पायांनी शिकवलेला आकडा दिल्लीच्या भाषणात पोहोचला आहे. प्रत्यक्षात भारतातल्या बहुसंख्य रोग्यांना आठवड्यातून दोनच सत्रं मिळतात आणि कित्येकांना पैसे, प्रवास किंवा रांग यांमुळे दोनही पुरी होत नाहीत. कार्यक्रमामुळे डायलिसिस जिल्हा रुग्णालयांत पोहोचलं. बलियाच्या माणसाला प्रत्येक सत्रासाठी लखनौला येण्याची गरज उरू नये, हा मोठा बदल आहे. पण जवळच्या केंद्रात चार तासांचं सत्र तीन तासांत उरकलं जात असेल, तर वाचलेल्या प्रवासाचा मोबदला नसांना द्यावा लागतो.

घरात कोणी डायलिसिसवर असेल तर त्याचे पाय आज बघा. दोन्ही तळव्यांना हात लावून विचारा, कळतंय का. पायांना मुंग्या, आग, गोळे आहेत का. रात्री पाय ठरतात का. जखम असेल आणि दुखत नसेल तर ती जास्त काळजीची आहे. पुढच्या भेटीत ही गोष्ट उठता उठता सांगू नका, बसताच सांगा, आणि डॉक्टरांना जोडे-मोजे काढून पाय तपासायची विनंती करा. सत्र किती तासांचं झालं ते प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा, आणि ते कमी होत असेल तर कारण विचारा.